बारमालकाकडे कराओके घेऊन जाताना : बेळगाव-खानापूर-निपाणीत नव्याने उतरणाऱ्यांसाठी

शनिवारी रात्री साडेआठला मी पहिल्यांदा एका बारमालकाला भेटायला गेलो. खानापूर रोडवरचं बार अँड रेस्टॉरंट. सगळी टेबलं भरलेली, किचनच्या खिडकीत ऑर्डरींचा ओरडा, मालक गल्ल्यावर. मी कार्ड पुढं केलं. त्यांनी ते न बघता गल्ल्यात सारलं आणि म्हणाले, "उद्या या की." असा 'उद्या' चार वेळा झाला. पाचव्या वेळी मी मंगळवारी दुपारी चारला गेलो. पंखे बंद, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या, एक पोरगा फरशी पुसत होता आणि मालक चष्मा लावून स्टॉकचं रजिस्टर भरत बसले होते. त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शनिवारी मला गाणं कशाला? बसायलाच जागा नसते. आज संध्याकाळी इथं कोण येणार, ते सांगा."

माझा कराओकेचा धंदा त्या एका प्रश्नावर उभा राहिला, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. तुमच्याकडे साउंड आहे, ट्रॅक (गायकाचा आवाज नसलेलं गाण्याचं संगीत, ज्यावर गिऱ्हाईक स्वतः गातं) आहेत, दोन माईक आहेत, चारचौघांत बोलायची सवय आहे, असं मी धरून चालतो. पुढचं सगळं, हे बारमालकापर्यंत पोचवायचं कसं, त्याबद्दल आहे.

मालक नेमकं काय विकत घेतो

कराओकेची सुरुवातच बारच्या धंद्यातून झाली. 1971 मध्ये जपानच्या कोबे शहरात दाइसुके इनोउए या वादकाने आपलं यंत्र तयार केलं, अशी अकरा यंत्रं बनवली आणि तिथल्या बारना भाड्याने दिली. म्हणजे पहिल्या दिवसापासून यात दोन गिऱ्हाइकं आहेत. एक माईक हातात घेणारा आणि दुसरा भाडं देणारा. नवी मुलं पहिल्याचाच विचार करतात. आपला आवाज, आपले दिवे, आपली दहा हजार गाणी याबद्दल मालकापुढे बोलत राहतात. मालकाच्या डोक्यात मात्र रिकामी टेबलं असतात.

आपल्या भागात ही रिकामी टेबलं वारावर ठरतात. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे वार, त्यामुळे बारही चालतात. शनिवारी मारुतीचं पाळणारे असतात, पण दुसऱ्या दिवशी सुट्टी म्हणून बाकीचे येतात. सोमवार शंकराचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा. या तीन दिवशी कित्येक बारमध्ये वेटर भिंतीला टेकून टीव्ही बघताना दिसतील. तुमचा माल या तीन दिवसांसाठी आहे. शुक्रवार-शनिवार मागायला गेलात तर मालकाला तुमच्या साउंडपायी दोन टेबलं काढावी लागतात, म्हणजे उलट तोटा.

आता हिशोब कागदावर मांडा. समजा, बारा टेबलांचा बार आहे आणि मंगळवारी पाच टेबलं लागतात. कराओकेमुळे आणखी चार लागली आणि टेबलामागे 1,000 रुपयांचं बिल धरलं, तर 4,000 ची जादा विक्री. शिवाय आधीची पाच टेबलं आपली पाळी यायची म्हणून तासभर जास्त बसतात आणि एखादं स्टार्टर मागवतात. टेबलामागे 300 धरले तर आणखी 1,500. एकूण 5,500. त्यातले चाळीस टक्के मालकाच्या हातात उरतात असं धरलं तर 2,200 रुपये झाले. अशा बारकडे तुम्ही 3,000 मागितलेत तर तो तुमच्या गाण्यासाठी पदरचे 800 घालणार आहे, आणि दुसऱ्या आठवड्यात तुम्हाला बोलावणार नाही. 1,500 मागितलेत तर त्याच्याकडे 700 राहतात. बोलताना आधी ते 700 सांगा, 1,500 मागाहून. आकडे प्रत्येक बारचे वेगळे असतील. ते मालकालाच विचारा आणि त्याच्यासमोर मांडा. स्वतःच्या मंगळवारची बेरीज दुसऱ्याने मांडलेली त्याने बहुतेक कधी बघितलेली नसते, म्हणून तो थांबून ऐकतो.

कुठल्या बारमध्ये जायचं

दोन आठवडे नुसते फिरा. वही जवळ ठेवा. कर्नाटकातल्या दारूच्या परवान्यांत सीएल-2 म्हणजे किरकोळ विक्रीचं दुकान, तिथं गाण्याचा प्रश्नच येत नाही. सीएल-9 म्हणजे आपण ज्याला बार म्हणतो ते, सीएल-7 म्हणजे लॉजिंग-बोर्डिंगचं हॉटेल आणि सीएल-4 म्हणजे क्लब. तुमचं काम या तिघांत. शिनोळीच्या पुढे चंदगडकडे गेलात की परवाना महाराष्ट्राचा, पोलीस ठाणं कोल्हापूर जिल्ह्याचं. पाच मिनिटांच्या अंतरावर नियम बदलतात, तेव्हा हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकच कागद दाखवून भागत नाही.

जागा बघताना मी चार गोष्टी लिहून घेतो : छत किती उंच, भिंतीपलीकडे कोण राहतं, टीव्ही कुठे टांगलाय, फॅमिली सेक्शन वेगळं आहे का. दुसरी सगळ्यात महत्त्वाची. शहापूर, वडगावकडच्या जुन्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागून घरं आहेत, कित्येक विणकरांची. माणसं दिवसभर मागावर राबून लवकर झोपतात. तिथला बार कितीही चांगला असला तरी मी घेत नाही, कारण पहिली तक्रार आली की मालक तुमच्यामुळे अडचणीत येतो आणि ही गोष्ट आठवड्यात सगळ्या मालकांना कळते. उद्यमबागेच्या बाजूला कारखान्यांतली माणसं येतात, पगार झाल्यावरचा आठवडा तिथं भरलेला असतो. कॉलेज रोड, टिळकवाडी भागात तरुण येतात, नवी गाणी मागतात. महामार्गालगतच्या हॉटेलात बसणारा अर्ध्या तासात उठून जातो, तिथं कराओके रंगत नाही.

कुठल्या बारचा धंदा मंदावलाय हे कळायला माझ्या अनुभवात एकच खात्रीचा माणूस आहे : सोडा आणि पाण्याच्या बाटल्या पोचवणारा टेम्पोवाला. त्याचा माल कमी उचलला जायला लागला की त्याला मालकाच्या आधी कळतं. चहा पाजा, नीट बोला, तो तुम्हाला दहा पत्ते सांगेल.

कागदपत्रं आधी, कार्ड नंतर

मालकाचा पहिला प्रश्न भीतीचा असतो : "हे ऑर्केस्ट्रा बारसारखं होणार काय? पोलीस येतील काय?" याचं उत्तर तोंडी देऊ नका. एका फाइलमध्ये कागद न्या.

आवाजाबद्दल 2000 चे ध्वनिप्रदूषण नियम लागू आहेत. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्रीची वेळ धरतात. व्यापारी भागात मर्यादा दिवसा 65 आणि रात्री 55 डेसिबल, रहिवासी भागात 55 आणि 45. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र. बंद सभागृहाला रात्री थोडी सवलत आहे, पण त्या सवलतीवर धंदा बेतू नका. मी सव्वासातला सुरू करतो आणि दहाला पाच कमी असताना शेवटचं गाणं संपवतो. मालकालाही हेच सांगतो, आणि ते ऐकून त्याचा चेहरा सैल पडतो. बेळगाव शहरात पोलीस आयुक्तालय आहे, तालुक्याच्या गावांत जिल्हा पोलीस. जिथला बार असेल तिथल्या ठाण्यात मालकाच्या सहीचा अर्ज द्यायचा, वेळ आणि स्वरूप लिहायचं (गिऱ्हाईकच गाणार, नाच नाही, बाहेरचे कलाकार नाहीत) आणि पोच घ्यायची. अर्जाचा मसुदा तुम्ही कन्नडमध्ये टाइप करून न्या. मालकाचं अर्धं काम तिथंच होतं.

दुसरा कागद गाण्याच्या हक्कांचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाण्याचे शब्द आणि चाल लोकांसमोर सादर करायला परवाना लागतो. शब्द-चालीचा हक्क 1969 साली स्थापन झालेली आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) ही संस्था सांभाळते, मूळ ध्वनिमुद्रण वाजवलं तर पीपीएलसारख्या संस्था येतात. कराओकेत गायक नवा असला तरी शब्द आणि चाल जुनीच, म्हणून आयपीआरएस सुटत नाही. परवाना बहुधा जागेच्या नावावर घेतात, तेव्हा खर्च कोणाचा हे आधी ठरवा आणि लिहून ठेवा. यूट्यूबवरून ट्रॅक लावून पैसे घेणं त्यांच्या अटीत बसत नाही. ट्रॅक विकत घ्या. इंटरनेट गेलं तरी तुमची रात्र चालू राहील, हा त्याचा दुसरा फायदा.

गाण्यांची यादी : तुमची खरी जाहिरात

इथं मी थोडा रेंगाळणार आहे. मुंबई-पुण्याहून कुणी साउंड घेऊन आला तर त्याला जे जमणार नाही, ते तुम्हाला इथं जमतं.

एका मंगळवारी बेळगावातल्या बारमध्ये सहा नंबरवर मराठी पोरं बसतात, नऊ नंबरवर सौंदत्तीकडून कामाला आलेली कन्नड माणसं, कोपऱ्यात दख्खनी उर्दू बोलणारे दोघे आणि गल्ल्यावर मंगळूरकडचे अण्णा, जे घरी तुळू, किचनमध्ये कन्नड, आपल्याशी मराठी बोलतात. या सगळ्यांना एकाच खोलीत तीन तास आनंदात ठेवणारा माणूस म्हणून स्वतःला मांडा. कुठल्याही मालकाची मोठी भीती ही की पिलेल्या लोकांत भाषेवरून बाचाबाची होईल, खुर्ची उडेल, दुसऱ्या दिवशी पेपरात नाव येईल. तुमच्याकडे त्यावरची व्यवस्था तयार आहे हे त्याला दिसलं पाहिजे.

माझी व्यवस्था अशी. यादीत मराठी, कन्नड, हिंदी असे वेगळे भाग केले होते, ते मी मोडले. पहिलं पान कोणाचं, यावरूनच कुजबुज सुरू व्हायची. आता भाग आहेत ते जुनी, नवी, दोघांनी गायची, शांत आणि ठेक्याची असे. प्रत्येक गाणं ज्या त्या लिपीत, डाव्या बाजूला नंबर. कन्नड ओळी माझी बायको लिहिते, तिची शाळा कन्नड माध्यमाची. तुमच्या घरी किंवा गल्लीत असं कुणीतरी असणारच, त्यांच्याकडून तपासून घ्या. कन्नड शब्दात एक काना चुकला तरी तो पडद्यावर मोठा होऊन दिसतो आणि वाचणाऱ्याला लागतो.

गिऱ्हाईक चिठ्ठीवर फक्त टेबल नंबर आणि गाण्याचा नंबर लिहितो. एका फेरीत एका टेबलाला एकच गाणं. मी पुकारताना "टेबल सहा, तयार राहा" एवढंच म्हणतो. गाण्याची भाषा सांगत नाही, गाणाऱ्याचं आडनाव तर कधीच नाही.

हे नियम बसवायच्या आधीची एक रात्र सांगतो. चिठ्ठ्या आल्या तशा लावत होतो, सलग तीन मराठी गाणी झाली. कोपऱ्यातल्या टेबलावरून आवाज आला, "कन्नड हाडु हाक्री!" (कन्नड गाणं लावा!) शेजारच्या टेबलावरच्या एका पोराने त्याला मोठ्याने उत्तर दिलं. खुर्च्या सरकल्याचा आवाज मी ऐकला. मी ट्रॅक बंद केला, कॉर्डलेस माईक घेतला आणि कोपऱ्यातल्या टेबलावर सगळ्यात वयस्क जे काका होते त्यांच्याजवळ जाऊन म्हणालो, "बर्री काका, नीवे हाड्री." (या काका, तुम्हीच गा.) त्यांनी आधी हात हलवून नको म्हटलं, मग उभे राहिले आणि कन्नड नट-गायक डॉ. राजकुमारांचं एक जुनं गाणं बसक्या पण अगदी पक्क्या सुरात म्हटलं. दुसऱ्या कडव्याला, ज्याने उलट उत्तर दिलं होतं तोच पोरगा टेबलावर ठेका धरून बसला होता. लहानपणी घरात धारवाड आकाशवाणी लागायची, त्याला ते गाणं पाठ होतं. काका खाली बसले तेव्हा त्याने उठून त्यांना नमस्कार केला. त्या रात्रीनंतर मी 'एका फेरीत एका टेबलाला एक' हा नियम यादीच्या पहिल्या पानावर तिन्ही भाषांत छापला, आणि मालकाला भेटताना ते पान सगळ्यात आधी उघडून दाखवतो.

कन्नड बोलायला घाबरू नका. "ऊट आयता?" (जेवण झालं का?), "चलो ऐति" (छान आहे), "बर्री" (या) एवढ्यावरही खोली आपली होते. तुम्ही बोलायचा प्रयत्न करताय, एवढं लोकांना पुरतं.

आणखी एक. हा मुलूख गाणं ऐकणारा आहे. कुमार गंधर्व 1924 साली इथून जवळच सुळेभावीत जन्मले, धारवाड दोन तासांवर. बारमध्ये बसलेला फिटरसुद्धा पट्टी चुकली की मान वळवून बघतो. म्हणून ट्रॅकची पट्टी खाली-वर करता येईल असंच सॉफ्टवेअर वापरा. फॅमिली सेक्शनमधून एखादी बाई पुरुष गायकाचं गाणं मागते, ट्रॅक काळी एकमध्ये असतो आणि तिचा आवाज काळी चारचा. तो ट्रॅक तसाच लावलात तर ती पहिल्या ओळीला अडखळेल आणि पुन्हा कधी उठणार नाही. आधी दोन ओळी गुणगुणायला सांगा, पट्टी जुळवा, मग माईक द्या. आपल्या नवऱ्यासमोर, मुलांसमोर ती पूर्ण गाणं म्हणून खाली बसली की ते कुटुंब पुढच्या मंगळवारी परत येतं. मालकाला हवी असते ती हीच गिऱ्हाइकं.

भेट

सोम ते गुरु, दुपारी साडेतीन ते पाच. दुपारचं जेवण आटोपलेलं असतं, संध्याकाळ लागायची असते. मंगळवार-गुरुवार उत्तम, कारण रिकामी खोली समोरच असते. आधी कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला भेटा. मालक त्याला नंतर विचारतोच, "कसा वाटला माणूस?" कॅप्टनला सांगा की चिठ्ठ्या त्याची माणसं मेनूबरोबर टेबलावर देतील. चिठ्ठी घ्यायला गेलेला वेटर रिकामा परत येत नाही, ऑर्डर घेऊन येतो. कॅप्टनला हे एका वाक्यात कळतं.

मालकासमोर बोलणं साधं ठेवा. मी साधारण असं बोलतो :

"नमस्कार अण्णा. कराओकेचं काम करतो, इथलाच आहे. तुमचा मंगळवार कसा जातो?"

"जातो की. चार-पाच टेबलं."

"तेवढ्यासाठीच आलोय. पावणेतीन तास, सव्वासात ते दहा. गिऱ्हाईकच गाणार, बाहेरचं कुणी नाही. ही ठाण्यात द्यायच्या अर्जाची कॉपी, ही गाण्यांची यादी. टीव्ही तुमचा, बाकी सगळं माझं."

"आधी एकदा फुकट करून दाखवा, मग बघूया."

इथं थांबा. फुकट करू नका. फुकटच्या रात्रीसाठी मालक कुणाला सांगत नाही, टीव्हीची वायर शोधून ठेवत नाही, कॅप्टन चिठ्ठ्या वाटत नाही, मग ती रात्र फसते आणि ठपका कराओकेवर येतो. मी म्हणतो, "अण्णा, पहिल्या रात्री फक्त गाडीभाडं 500 द्या. मात्र आजपासून रोज गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला सांगा की मंगळवारी गाणं आहे." पाचशे रुपये दिलेला माणूस स्वतःहून चार लोकांना फोन करतो.

खिशात एक मिनिटाचा व्हिडिओ ठेवा, पण तो बारमधला नको. स्वतःच्या घरी, नीट आवाजात, स्वतः गायलेला. असं का, ते पुढे सांगतो.

पहिली रात्र

पाचला पोचा. स्पीकर गाणाऱ्याच्या पुढे ठेवा, पाठीमागे ठेवलेत की माईक शिट्टी मारणार. ब्लूटूथ वापरू नका, आवाज क्षणभर मागे राहतो आणि गाणारा गोंधळतो. वायर लावा. खानापूरकडे पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा मिक्सर आणि लॅपटॉपपुरता यूपीएस जवळ असू द्या. माईकला स्पंजचं कव्हर घाला आणि प्रत्येक गाण्यानंतर पुसा, लोकांना दिसेल असं पुसा.

पहिला अर्धा तास कुणी उठत नाही. हे प्रत्येक ठिकाणी होतं, घाबरू नका. दोन गाणी तुम्ही म्हणा, पण फार चांगली म्हणू नका. पूर्ण ताना घेऊन गायलात की समोरचा म्हणतो, याच्यानंतर आपण कसं जायचं? साधं, सगळ्यांना येणारं गाणं निवडा आणि मुखडा खोलीला म्हणू द्या. तिसरं गाणं कॅप्टनकडून म्हणवून घ्या, हे आदल्या भेटीत ठरवून ठेवा. आपल्याला रोज पाणी देणारा माणूस माईकवर उभा राहिला की टेबलं हसतात, टाळ्या देतात आणि पहिली चिठ्ठी येते.

तुम्ही स्वतः एक थेंबही घेऊ नका. गिऱ्हाईक प्रेमाने ग्लास पुढं करेल. "ड्युटीवर आहे दादा" म्हणा. मालक लांबून हेच बघत असतो. जास्त झालेल्या माणसाला माईक देऊ नका, चिठ्ठी खाली सरकवा आणि कॅप्टनला खूण करा.

बाहेरची जाहिरात, आणि एक चूक

बारच्या बाहेर फ्लेक्स लावायचा मोह होतो. कर्नाटकात प्लास्टिकच्या फ्लेक्सवर 2016 पासून बंदी आहे, रस्त्यावर काहीही टांगायला पालिकेची परवानगी लागते आणि 2024 च्या कायद्याप्रमाणे नावाच्या फलकावर साठ टक्के कन्नड हवं. कापडी फलक करा, बारच्या आतल्या दारावर लावा, वर मोठं कन्नड, खाली मराठी. दारूच्या बाटलीचं किंवा ब्रँडचं चित्र घालू नका. पेपरातल्या छोट्या जाहिरातीने मला एकही बार मिळाला नाही. मालकाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसने आणि टेबलावर ठेवलेल्या छोट्या कार्डाने गिऱ्हाईक येतं.

आता ती चूक. सुरुवातीला मी गाणाऱ्या गिऱ्हाइकांचे व्हिडिओ घेऊन स्टेटसला टाकायचो. एका रात्री चाळिशीतला एक माणूस फार सुंदर गायला, डोळे मिटून. मी तो व्हिडिओ टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात उभा होता. घरी तो दारू सोडलीय म्हणून सांगत होता, आणि त्याच्या मुलीने तो व्हिडिओ शाळेतल्या मैत्रिणीच्या फोनवर बघितला होता. तो ओरडला नाही. "काढा तेवढं," एवढंच म्हणाला. मी त्याच्यासमोर काढला, पण जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तो पुन्हा त्या बारमध्ये आला नाही, आणि त्याच्याबरोबर येणारे तिघेही आले नाहीत. तेव्हापासून पडदा, यादी, टाळ्या वाजवणारे हात एवढंच टिपतो. चेहरा कधीच नाही, माणूस स्वतः म्हणाला तरी सकाळी शुद्धीत पुन्हा विचारल्याशिवाय नाही. मालकाला हा नियम पहिल्या भेटीतच सांगा. त्यालाही आपलं गिऱ्हाईक सांभाळायचं असतं.

पैसे आणि दिवस

करार महिन्याच्या चार मंगळवारांचा करा, एका कागदावर : वेळ, रक्कम, परवान्याचा खर्च कोणाचा, रद्द केल्यास किती दिवस आधी सांगायचं. पैसे त्याच रात्री, गल्ला मोजायच्या आधी मागा. उधारी एकदा चढली की ती वसूल करायला जाणारा माणूस पुन्हा माईकवर हसून उभा राहू शकत नाही. विक्रीवर टक्केवारी मागू नका, बिलं तुम्हाला दिसत नाहीत आणि संशयाने नातं बिघडतं.

वर्षाचा अंदाज असा ठेवा. श्रावणात धंदा बसतो, गणपतीत तर बेळगाव रात्रभर रस्त्यावर असतं आणि विसर्जनाच्या आसपास दारूबंदीचे आदेश निघतात. हे दीड-दोन महिने लग्न-वाढदिवसांची कामं शोधा. 2 ऑक्टोबर कोरडा, मतदान संपेपर्यंतचे 48 तास कोरडे. 17 जानेवारी आणि 1 जून हे सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचे दिवस. 1 नोव्हेंबरला शहरात एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे काळा दिन. या तीन दिवशी मी कुठेही, कुणासाठीही माईक लावत नाही, आणि मालकाला ते आधीच कॅलेंडरवर खूण करून देतो. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरलं की शहरातली लॉज भरतात. तेव्हा सीएल-7 वाल्यांना नोव्हेंबरच्या मध्यालाच भेटा आणि कन्नड गाणी वाढवून ठेवा. बेंगळूरहून आलेल्या माणसाला संध्याकाळी करण्यासारखं काहीतरी हवंच असतं.

दुसरा बार पहिल्यातून

प्रत्येक रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मालकाला चार ओळी पाठवा : किती टेबलं लागली, किती चिठ्ठ्या आल्या, शेवटचं टेबल किती वाजता उठलं, कुठली गाणी मागितली आणि आपल्याकडे नव्हती. रात्री पाठवू नका, रात्री तो थकलेला असतो. ती नसलेली गाणी पुढच्या मंगळवारपर्यंत आणा आणि ज्या टेबलाने मागितली होती त्याला जाऊन सांगा.

असे चार मंगळवार झाले की पुन्हा दुपारी चारला जा. चारही मेसेज एका कागदावर उतरवून न्या, मालकाला स्वतःच्या रजिस्टरशी ताडून बघू द्या. मग म्हणा, "अण्णा, निपाणीला किंवा खानापूरला तुमच्या ओळखीचं कुणी आहे काय? गुरुवार रिकामा आहे माझा." निपाणी 75 किलोमीटरच्या आसपास, खानापूर साधारण 25, तेव्हा भाड्याचा हिशोब आधी करून ठेवा. नंबर मागून घेऊन घरी येऊ नका. फोन त्यांनीच लावायचा, तुम्ही समोर बसून राहायचं, आणि पलीकडच्या माणसाने "पाठवा की" म्हटलं की त्याच्या पुढच्या मंगळवारची, नाहीतर गुरुवारची दुपार तिथंच ठरवून उठायचं.